समाजशास्त्राची पहिली गादी

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढला, तेव्हा त्याच्यापुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. अध्यापक म्हणून नेमावयाचे कोणाला? संस्कृतचा किंवा गणिताचा प्राध्यापक निवडताना निवड करणाऱ्यांच्या हाती काही माप असते. उमेदवाराने कोणती परीक्षा कोणत्या वर्गात दिली, कोणते पारितोषिक मिळविले, कोणाच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले, हे पाहिले की निम्मे काम आटोपते. समाजशास्त्राच्या बाबतीत असे माप नव्हते. हा विषय स्वतंत्रपणे शिकवून त्याची पदवी देणारे विद्यापीठ त्या वेळी हिंदुस्थानात नव्हतेच. ज्या विषयाची परीक्षाच झालेली नाही त्याचा परीक्षक कसा शोधावयाचा, असा हा पेच होता.

विषयाची निकड मात्र डोळ्यांपुढे होती. १९११ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ९ लाख ७९ हजारांच्या घरात होती. १९२१ मध्ये ती पावणेबारा लाखांवर गेली. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून माणसे गिरण्यांत येत होती आणि चाळींतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती. १८९६ च्या प्लेगची आठवण ताजी होती, १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाने घरोघरी माणसे नेली होती आणि १९१९ च्या जानेवारीत गिरणी कामगारांनी मोठा संप केला होता. या सर्वांचा विचार करणारे शास्त्र विद्यापीठात असावे, ही कल्पना महायुद्धाच्या आधीच निघाली होती. अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांच्या अध्यापनासाठी हिंदुस्थान सरकारने १९१४ मध्ये अनुदानही दिले होते. युद्ध संपल्यावर, सर चिमणलाल सेटलवाड कुलगुरू असताना, तो बेत प्रत्यक्षात आला.

ही अडचण एकट्या मुंबईची नव्हती. फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम यांना १८८७ साली बोर्दो येथे नेमले ते मुख्यतः शिक्षकांना अध्यापनशास्त्र शिकविण्यासाठी; समाजशास्त्र त्याच्या पदराला बांधून आत आले. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये आपला विभाग अल्बियन स्मॉल यांच्या हाती दिला, तेही इतिहास व अर्थशास्त्र यांच्या वाटेने आलेले. लंडनमध्ये जे घडले त्याचा संबंध मुंबईशी थेट पोचतो, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

स्कॉटलंडातील मार्टिन व्हाइट नावाच्या एका धनिकाने लंडन विद्यापीठाला समाजशास्त्रासाठी देणगी दिली होती. १९०७ साली तिच्यातून प्राध्यापकाची जागा निर्माण झाली. व्हाइट यांचा एक जुना स्नेही होता पॅट्रिक गेडिस. त्याच्यासाठी व्हाइट यांनी १८८८ मध्ये डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे अध्यासन काढून दिले होते, आणि तेही अशा सोयीच्या अटीवर की वर्षातून उन्हाळ्याचे एक सत्र शिकविले की पुरे. लंडनची जागा गेडिस यांना मिळेल असे पुष्कळांना वाटत होते. ते स्वतःही इच्छुक होते. १९०४ मध्ये त्यांनी लंडनच्या समाजशास्त्र मंडळापुढे नागरजीवनाच्या अभ्यासावर निबंध वाचून आपली भूमिका मांडली होती. परंतु नेमणूक झाली एल. टी. हॉबहाउस यांची. हे हॉबहाउस तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते आणि पुढे काही वर्षे ‘मँचेस्टर गार्डियन’ या दैनिकाचे अग्रलेखक होते. विलायतेतील समाजशास्त्राच्या या पहिल्या मानाच्या जागी वृत्तपत्रात लिहिणारा मनुष्य बसला, हे वृत्तपत्राच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गेडिस यांना नकाराची सवय होती. १८५४ साली जन्मलेल्या या माणसाने आयुष्यात एकही विद्यापीठीय पदवी मिळविली नाही. एडिंबरोला नाव घातले आणि आठवड्याभरात तेथून काढता पाय घेतला. मग लंडनला टी. एच. हक्सले यांच्या प्रयोगशाळेत शिकले. पुढे मेक्सिकोत संशोधनासाठी गेले असता दृष्टी गेली आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. त्या काळात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना कागदाच्या घड्या घालून विचार मांडण्याची युक्ती सुचली असे सांगतात. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम कायमचे दुरावले. एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे अध्यासन त्यांनी मागितले तेही दुसऱ्याकडे गेले. त्याच शहरातील मोडकळीस आलेल्या वस्तीत मात्र ते सहकुटुंब राहावयास गेले आणि घर पाडल्यावाचून घर कसे सुधारता येते, हे त्यांनी स्वतः करून दाखविले. गेडिस यांचे सारे समाजशास्त्र या एका अनुभवातून उगवले, असे म्हटले तर फारशी चूक होणार नाही.

१९१४ मध्ये ते शहरांविषयीचे आपले प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यावयास निघाले. प्रदर्शनाचे सामान ज्या बोटीत होते ती जर्मनांच्या ‘एम्डेन’ने बुडविली. गेडिस आले, मागाहून नवे नकाशे व चित्रे गोळा झाली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले. त्यानंतरची वर्षे त्यांनी या देशातील शहरांत पायी हिंडण्यात घालविली. १९१६ मध्ये बडोद्याच्या वाढीविषयी गायकवाड सरकारला अहवाल दिला. १९१८ मध्ये इंदूर दरबारला दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्यात गटारे, तळी व रस्ते आहेतच, पण मध्य हिंदुस्थानासाठी इंदूरला विद्यापीठ कसे असावे याचाही सविस्तर विचार आहे. नगररचनेच्या अहवालात विद्यापीठ घालणारा हा मनुष्य पुढच्याच वर्षी विद्यापीठात नगररचना घेऊन शिरणार होता.

इंदुरातील एक हकीकत ते स्वतः सांगत असत. शहरात प्लेग होता आणि नकाशे घेऊन हिंडणाऱ्या गोऱ्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत होते. गेडिस यांनी महाराजांकडून एक दिवसाचे राज्य मागून घेतले आणि जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक या वर्षी ठरलेल्या वाटेने जाणार नाही; ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत अधिक झाडून-सारवून, दुरुस्त करून ठेवलेली दिसतील त्या रस्त्याने जाईल. घरोघरी साफसफाई सुरू झाली. मिरवणुकीत रावणाची प्रतिमा होती, तिच्या जोडीला प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार घातलेले झाडूवाले मानाने चालत होते. गेडिस यांना गोष्ट रंगवून सांगण्याची आवड होती, तेव्हा तिच्यातील थोडा रंग त्यांचा असू शकेल. परंतु झाडूवाल्यांना मिरवणुकीत मानाची जागा देण्याचे ज्याला सुचते, त्याला समाज म्हणजे काय हे पुस्तकांबाहेर कळलेले असते.

असा हा पासष्ट वर्षांचा, पदवी नसलेला, लंडनने दूर ठेवलेला गृहस्थ मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा प्राध्यापक म्हणून नेमला. या निवडीत धाडस होते आणि तिचे दोषही लवकरच दिसू लागले. गेडिस एका जागी ठरत नसत. नेमणूक झाली त्याच वर्षी ते जेरुसलेमला तेथील नियोजित हिब्रू विद्यापीठाचा आराखडा करण्यासाठी जाऊन आले. व्याख्यान एका विषयावर सुरू होई आणि वनस्पती, ग्रीक देवता, गिरण्या व नद्यांची खोरी यांतून फिरत भलतीकडेच संपे. ‘स्थळ, काम, लोक’ हे त्यांचे सूत्र. मनुष्य कोठे राहतो यावरून त्याचे काम ठरते आणि कामावरून त्याचा समाज ठरतो, हे ते घड्या घातलेल्या कागदाच्या चौकटींत मांडून दाखवीत. परीक्षेच्या दृष्टीने वह्या भरून घेणाऱ्या विद्यार्थ्याची अशा वर्गात किती तारांबळ उडत असेल याची कल्पना कोणत्याही शिक्षकाला करता येईल.

तरीही त्यांच्या कारकिर्दीतील एक निर्णय पुढील पन्नास वर्षांना पुरला. समाजशास्त्राच्या शिक्षणासाठी एखाद्या होतकरू पदवीधराला विलायतेस पाठवावयाचे विद्यापीठाने ठरविले. इच्छुकांपैकी एक एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतचा तरुण अध्यापक होता. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याचे नाव. १८९३ मध्ये मालवणला जन्मलेला, शिक्षणाचा काही भाग काठेवाडात जुनागढला झालेला, बी. ए. ला भाऊ दाजी पारितोषिक आणि एम. ए. ला कुलपतींचे सुवर्णपदक मिळविलेला. पदके होती ती संस्कृतातली. समाजशास्त्राशी त्यांचा वरवर पाहता काही संबंध नव्हता. घुर्ये गेडिस यांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागले आणि त्यांनी मुंबई शहर या विषयावर एक निबंध लिहून दिला. शिष्यवृत्ती त्या निबंधावर मिळाली. या निवडीची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या शहरात उमेदवार राहतो ते त्याला दिसते की नाही, हे पाहण्याचा त्यापेक्षा सरळ मार्ग कोणता? पदवी नसलेल्या प्राध्यापकाने पदकांकडे न पाहता कामाकडे पाहिले, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते.

येथे क्षणभर थांबून त्या काळच्या महाराष्ट्राकडे दृष्टी टाकली पाहिजे. जातिसंस्थेवर शास्त्रीय रीतीने लिहिणारी माणसे मराठी समाजात त्या वेळी मुळीच नव्हती, असे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात अभ्यास करून हिंदुस्थानातील जातींच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता; त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला. १९१९ च्या सुमारास ते महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या उभारणीत गढून गेले होते. दुसरे नाव डॉ. भीमराव आंबेडकर यांचे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्राचेही पाठ घेऊन त्यांनी १९१६ च्या मे महिन्यात तेथील एका चर्चावर्गात हिंदुस्थानातील जातींविषयी निबंध वाचला, आणि पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. जातीचे मर्म सजातीय विवाहाच्या बंधनात आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढी ते बंधन टिकविण्यासाठी निघाल्या, असा त्यात त्यांनी युक्तिवाद केला आहे. पंचवीस वर्षांच्या तरुणाचा हा निबंध आजही विद्यापीठांतून वाचला जातो. आणि १९१८ च्या अखेरीपासून १९२० पर्यंत हे आंबेडकर कोठे होते? मुंबईतच, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होते. ज्या माठातील पाणी सहकारी पीत त्याला त्यांनी शिवू नये, अशी तक्रार त्या कॉलेजात झाली. समाजशास्त्राचा विभाग त्याच शहरात, त्याच वर्षांत उघडत होता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मनाला चटका लागतो. विद्यापीठाने जाणूनबुजून कोणाला डावलले असे म्हणण्यास आधार लागेल, आणि आधारावाचून आरोप करणे इतिहासाला शोभत नाही. परंतु निवड करणाऱ्यांची दृष्टी ज्या वर्तुळात फिरते त्याच वर्तुळातील माणसे त्यांना दिसतात, एवढे तर खरेच. जातीचा अभ्यास हा ज्या शास्त्राचा पुढे या देशात मुख्य विषय ठरावयाचा होता, त्याच्या उंबरठ्याबाहेर जात सोसलेला आणि जातीवर लिहिलेला मनुष्य उभा होता. १९२० मध्ये आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र पुरे करण्यास गेले. घुर्येही त्याच सुमारास त्याच संस्थेत समाजशास्त्रासाठी दाखल झाले.

घुर्ये यांचे तेथील प्राध्यापक कोण? ज्यांच्यामुळे गेडिस यांची लंडनची जागा हुकली तेच हॉबहाउस. नशिबाने चांगला डाव मांडला होता. गेडिस यांच्या शिष्याला हॉबहाउस यांचे उत्क्रांतीवरील विवेचन रुचले नाही. ए. सी. हॅडन यांच्या भेटीतून त्यांची केंब्रिजच्या डॉ. रिव्हर्स यांच्याशी गाठ पडली, आणि घुर्ये लंडन सोडून केंब्रिजला गेले. रिव्हर्स मूळचे वैद्य. महायुद्धात तोफांच्या भडिमाराने मन खचलेल्या अधिकाऱ्यांवर त्यांनी उपचार केले होते, आणि त्याआधी निलगिरीतील तोडांमध्ये राहून १९०६ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. आप्तसंबंधांची वंशावळ घरोघर विचारून लिहून घ्यावयाची आणि तिच्यातून समाजाची घडण वाचावयाची, ही त्यांची पद्धत. गोत्र, प्रवर व सपिंड यांचे शास्त्र कोळून प्यालेल्या संस्कृतज्ञाला ही पद्धत घरच्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. घुर्ये यांनी आयुष्यभर रिव्हर्स यांनाच गुरू मानले. परंतु १९२२ च्या जून महिन्यात रिव्हर्स अकस्मात वारले आणि घुर्ये यांनी प्रबंध हॅडन यांच्याजवळ पुरा केला. १९२३ मध्ये ते स्वदेशी परतले. आंबेडकरही त्याच वर्षी परतले.

इकडे गेडिस यांची प्रकृती ढासळली होती. १९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली व दक्षिण फ्रान्समध्ये माँपेल्ये येथे जाऊन एक नवीनच विद्यालय काढले. तेथेच १९३२ मध्ये त्यांचा अंत झाला. मुंबईचा विभाग बंद पडण्याच्या बेतात होता. विद्यापीठाने १९२४ मध्ये रीडर व विभागप्रमुख म्हणून घुर्ये यांची नेमणूक केली. वय अवघे तिशीचे. पाच वर्षांपूर्वी जो पेच पडला होता तो आता सुटला होता. संस्कृतची पदके, केंब्रिजची डॉक्टरेट आणि गेडिस यांनी पारखलेला तो निबंध, एवढे भांडवल असलेला माणूस विद्यापीठाने स्वतःच घडवून घेतला होता. त्याच वर्षी आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली.

या नेमणुकीने समाजशास्त्राची दिशा बदलली. गेडिस यांचे शास्त्र रस्त्यावर चाले. घुर्ये यांचे ग्रंथालयात. धर्मसूत्रे, पुराणे, शिलालेख, शिरगणतीचे अहवाल यांतून पुरावा काढावयाचा आणि तो वकिलाच्या काटेकोरपणाने मांडावयाचा, ही त्यांची पद्धत. १९३२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जात व वंश या विषयावरील ग्रंथात त्यांनी जातिव्यवस्थेची सहा लक्षणे सांगितली: समाजाचे तुकडे, त्यांची उतरंड, अन्नपाण्याचे निर्बंध, धार्मिक व नागरी बाबतींतील हक्क व मज्जाव, व्यवसायाची बंधने आणि विवाहाची बंधने. नाकाची मापे घेऊन जातीची उच्चनीचता वंशावर बसविणाऱ्या सर हर्बर्ट रिस्ले यांच्या सिद्धांताची त्यात त्यांनी कठोर छाननी केली. सरकारी शिरगणतीच्या अधिकाऱ्याला मालवणच्या पंडिताने दिलेले हे उत्तर त्या काळात मोठेच होते.

या लाभाबरोबर काही गमावलेही गेले. मुंबईची चाळ, गिरणी व गटार हे विषय विभागाच्या अभ्यासात पुढे असावयाचे ते मागे पडले. संस्कृत ग्रंथांच्या खिडकीतून पाहिले की समाजाचे जे भाग त्या ग्रंथांत नाहीत ते अंधुक दिसतात. १९४३ मध्ये घुर्ये यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले, त्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यांचा मतभेद प्रसिद्धच आहे. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद धर्मांतरानंतरही शतकानुशतके टिकून राहिले. जात शास्त्रवचनाने टिकते की व्यवहाराने, हे तपासावयास यासारखे दुसरे ठिकाण क्वचित मिळेल. परंतु घुर्ये यांच्या ग्रंथांचा भर तेथे नाही. जो निवडला जातो त्याच्याबरोबर त्याचे डोळेही निवडले जातात.

मात्र शिष्य निवडण्याच्या बाबतीत घुर्ये यांनी आपली खिडकी पुष्कळ उघडी ठेवली. त्यांच्या हाताखाली पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळविली. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून एम. ए. केले, मग बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळविली. काही वर्षे महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचे काम केल्यावर १९३९ मध्ये, पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा, तेथे त्यांची समाजशास्त्राच्या रीडर म्हणून नेमणूक झाली. वाईट रस्ते व बैलगाड्या यांची पर्वा न करता त्या हिंडल्या आणि हिंदुस्थानातील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. अक्षय रमणलाल देसाई तर कट्टर मार्क्सवादी. राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर त्यांनी लिहिलेला प्रबंध घुर्ये यांच्या मतांशी कोठेच जुळत नव्हता. तो घुर्ये यांच्याच हाताखाली पुरा झाला आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे देसाई त्याच विभागात अध्यापक व अखेरीस विभागप्रमुख झाले.

या शिष्यांपैकी एकाची निवड बडोद्याच्या वाट्याला आली. म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास हे मुंबईला घुर्ये यांच्याजवळ डॉक्टर होऊन १९४५ मध्ये ऑक्सफर्डला गेले, आणि तेथे १९४७ मध्ये त्यांनी दुसरी डॉक्टरेट मिळविली. ऑक्सफर्डने त्यांच्यासाठी भारतीय समाजशास्त्राची व्याख्यात्याची जागा निर्माण केली आणि पहिले वर्ष क्षेत्राभ्यासासाठी मोकळे ठेवले. त्या वर्षात, १९४८ मध्ये, ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ‘रामपुरा’ हे त्याला त्यांनी दिलेले नाव. गुरूच्या ग्रंथालयातून उठून हा शिष्य गावाच्या ओट्यावर जाऊन बसला होता.

बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचे शब्द बदलून ‘सर्व माणसे’ असे करावयास लावणाऱ्या त्या याच. १९५१ मध्ये श्रीनिवास ऑक्सफर्डची जागा सोडून या दोन वर्षांच्या विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विभाग शून्यातून उभा करावयाचा होता. पुस्तके थोडी, विद्यार्थी थोडे. पण त्या थोड्यांना खेड्यात जाऊन राहण्याची शिस्त लावण्यात आली. अरविंद शहा हे तेथील आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी. त्यांनी खेडा जिल्ह्यातील राधवाणज गाव अभ्यासासाठी घेतले. घुर्ये यांचे दुसरे शिष्य आय. पी. देसाई यांनी बडोद्यात राहून सौराष्ट्रातील महुवा गावाच्या कुटुंबांचा अभ्यास केला. एकत्र कुटुंब मोडत चालले आहे असे जे सर्वत्र बोलले जात असे, ते प्रत्यक्ष घरे मोजून पाहण्याचे काम अशा रीतीने गुजरातेत झाले. खालच्या जाती वरच्या जातींचे आचार उचलून वर सरकू पाहतात या प्रक्रियेला ‘संस्कृतीकरण’ हे नाव देणारा श्रीनिवास यांचा कूर्गवरील ग्रंथ १९५२ मध्ये, ते बडोद्यात असतानाच प्रसिद्ध झाला.

बडोद्याच्या जुन्या माणसांना या नेमणुकीत आणखी एक अर्थ दिसला असेल. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन १९१३ मध्ये अमेरिकेला पाठविलेले आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत आले. तेव्हा या शहरात त्यांना राहण्यास खोली मिळाली नव्हती. एका पारशी विश्रांतिगृहात नाव बदलून राहिले असता तेथूनही त्यांना लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. त्याच शहरात चौतीस वर्षांनी जातीचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकासाठी खास जागा काढण्यात आली. संस्कृतीकरणाची शिडी ज्यांच्यासाठी लावलेलीच नव्हती अशांचे काय, हा प्रश्न मात्र श्रीनिवास यांच्या सिद्धांताला दलित विचारवंतांनी पुढे वारंवार विचारला.

१९५९ साली दोन जागांची हालचाल एकदम झाली. दिल्ली विद्यापीठाने समाजशास्त्राचा नवा विभाग काढून त्याच्यासाठी श्रीनिवास यांना बडोद्याहून बोलावून नेले, आणि त्याच वर्षी पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर घुर्ये मुंबईतून निवृत्त झाले. विद्यापीठाने त्यांना आपले पहिले मानद निवृत्त प्राध्यापक केले. त्यांच्या जागी आले ते त्यांचेच शिष्य कापडिया, हेही मूळचे संस्कृतचे. जाहिरातींत आता ‘समाजशास्त्राची एम. ए. पदवी आवश्यक’ असे छापता येऊ लागले होते, आणि अर्जदारांची वाण राहिली नव्हती. ही अट १९१९ मध्ये असती तर गेडिस यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत खाली पडला असता, आणि घुर्ये यांची शिष्यवृत्तीही.

निवृत्तीनंतरही घुर्ये यांनी लेखन सोडले नाही. एकामागून एक ग्रंथ बाहेर पडत राहिले. १९७३ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि दहा वर्षांनी, १९८३ च्या डिसेंबरात, नव्वदी गाठून ते निवर्तले.